भास्करकाकांची कोरडी होडी

भास्करकाका पाणी चाखून बघतात. प्यायचं नव्हे, गळतीचं.

त्यांची-माझी ओळखच त्यातून झाली. नायगावच्या आमच्या नव्या टॉवरमध्ये हॉलच्या भिंतीला ओल आली होती. दोन प्लंबर आणि एक रंगारी हात टेकून गेले. पाऊस बाहेरून झिरपतो, यावर तिघांचं एकमत होतं. शेवटी वॉचमनने मागच्या गावातून भास्करकाकांना आणलं. साठी ओलांडलेला बुटका माणूस, हाफ पँट, कानावर पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी भिंतीला बोट लावलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत ते जिभेवर टेकवलं.

"बोअरचं पानी हाय," ते म्हणाले. "पावसाचं असतं तर मचूळ लागलं नसतं."

आमच्याकडे बोअरचं पाणी फक्त फ्लशला येतं. ही गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली नाही, अजूनही सांगितलेली नाही. गळकी जोडणी मात्र दोन खोल्या पलीकडे, बाथरूममध्येच सापडली. "पानी शिरतं एकीकडं, दिसतं दुसरीकडं," असं म्हणत त्यांनी ओलीभोवती पेन्सिलीने गोल काढला, खाली तारीख घातली आणि आठवड्याने ओल गोलाच्या आत आटलीय का ते बघायला पुन्हा आले.

हे वाक्य ते कुठेही वापरतात. आयुष्यभर पाइपलाइनीवर फिटर म्हणून काढलं असल्यामुळे असेल. शेजारची पोरगी मार्क कमी पडले म्हणून रडत होती, तर तिच्या आईलाही त्यांनी हेच ऐकवलं. आई विचारात पडली. नंतर कळलं, पोरीचं मैत्रिणीशी भांडण झालं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी एक होडी आणली. कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेली, चौदा फुटी, फायबरची, शिडाची. तीसेक वर्षांची असावी. गावातल्या होड्या इंजिनवर चालणाऱ्या, त्यामुळे परसात शेवग्याखाली ठेवलेलं हे धूड बघायला गाव लोटलं आणि हसून घरी गेलं. होडी गळत होती. कुठून, ते कुणालाच कळेना.

मग काकांनी सगळं उलटं केलं. बाहेरचं पाणी आत कुठून येतं ते दिसत नाही ना, मग आतलं पाणी बाहेर कुठून जातं ते बघू, असं म्हणून होडी विटांवर चढवली आणि नळी लावून काठोकाठ भरली. स्वतः खाली उताणे पडून थेंबांची वाट बघत राहिले. तेवढ्यात शेजाऱ्यांची बदकं वर जाऊन पोहायला लागली. दुपारपर्यंत होडीच्या बुडाला पेन्सिलीचे अकरा गोल झाले होते.

ते अकरा गोल बुजवताना काकूंची भांडी कामी आली. फायबर जोडायच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर थेंबांनी मोजून घालायचं असतं. काकांनी ते अंदाजाने घातलं. स्टीलच्या वाटीतून धूर निघाला आणि ब्रश वाटीत उभाच्या उभा चिकटून बसला. काकूंनी ती वाटी देव्हाऱ्याशेजारी ठेवली. आल्यागेल्याला दाखवायला बरी, म्हणाल्या.

होडी खाडीत उतरली आणि तासाभरात आत बादलीभर पाणी. काकांनी ते चाखलं. खारट. पुन्हा परसात.

या खेपेला त्यांनी आमचा व्हॅक्यूम क्लीनर मागून नेला. त्याची हवा उलटी फिरवून होडीच्या दोन थरांमधल्या पोकळीत सोडली आणि बाहेरून साबणाचं पाणी फासलं. वरचं झाकण आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथे, रबरी पट्टीच्या आड, बुडबुडे फुटायला लागले. होडीला सर्दी झाल्यासारखं दिसत होतं. ती सगळी फट त्यांनी नव्याने भरली. तरी पुढच्या खेपेला तांब्याभर पाणी आलंच.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी समजूत घातली, की होडी म्हटली म्हणजे थोडं पाणी येणारच, उपसायला एक डबा ठेव. एरवी कुणावर आवाज न चढवणारे काका तिथे तापले. डबा नको, थेंबपण नको, म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

शेवटची गळती रांगोळीने सापडली. माझ्या मुलीची लाल रांगोळी त्यांनी होडीच्या तळाला भुरभुरली आणि होडी धक्क्याला बांधून ठेवली. थोड्या वेळाने त्या लालात एक गडद रेघ उमटली. तिचा माग काढत काका मधल्या पेटीपाशी पोचले. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून खाली पाण्यात सोडायची फळी त्या पेटीत असते. तिथल्या बोल्टखालचं रबर कुजलं होतं. अंगठ्याएवढं रबर.

थेंबभर पाण्याचा त्यांना इतका राग का, हे मला काकूंनी सांगितलं. काकांचे थोरले भाऊ, आबा, याच खाडीत शिडाची होडी हाकायचे. काकांना त्यांनीच शिकवलं. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर एकदा नातलगांनी हौसेने त्यांना होडीत बसवलं. पाणी घोट्याला लागलं. आबा विचारत राहिले, किती आलं? सगळे सांगत राहिले, थोडंसंच. दिसणाऱ्याला थोडं म्हणजे किती ते कळतं. आबा बसायची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. त्या दिवसापासून ते पाण्याकडे फिरकले नव्हते. दिवसभर ओटीवर बसून असायचे.

रबर बदलल्यानंतरच्या रविवारी मी काकांसोबत आबांना आणायला गेलो. आबा नाही म्हणाले. काकांनी वाद घातला नाही. ते एकटेच धक्क्यावर गेले, होडीच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलं आणि भरती चढत असताना दोन तास त्यावर बसून राहिले. मग तो कागद घेऊन ओटीवर परत आले आणि त्यांनी आबांच्या हातात दिला.

आबांनी कागद बोटांनी चाचपला. कोपरे दुमडून पाहिले. कानाशी नेऊन चुरगाळला. कागद कुरकुरीत वाजला.

"चपला कुठं माज्या?" त्यांनी विचारलं.

खाडीत आम्ही तिघं होतो. सुकाणू आबांच्या हातात. वारा गालावर घेऊन ते हळूहळू होडी वळवत होते. शीड ओढ, शीड सोड, एवढंच बोलत होते. गावभर सगळ्यांना गळतीचं शास्त्र शिकवणारे भास्करकाका गुपचूप सांगितलेलं करत होते. मधूनच वाकून आबांच्या पायांपाशी तळावर हात फिरवत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"भास्कर," आबा म्हणाले, "पानी आलं का?"

"नाय."

"मंग हात कसला फिरवतोस? बस ना जरा हितं."

काका त्यांच्या शेजारी टेकले. आबांनी मोकळा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मी समोर नायगावच्या टॉवरांकडे बघत बसलो, कारण काका शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होते आणि होडीत तर कुठेच पाणी नव्हतं.