अभिमन मास्तर चाल बदलतात

"पाहाच तुम्ही! या लग्नात अख्खं नरडाणं जागच्या जागी खिळून उभं राहील!"

धुळ्याच्या अभिमन मास्तरांनी हे वाक्य चौघांना ऐकवलं. बायकोला, शिंप्याला, पाटी रंगवणाऱ्याला आणि आरशाला. पैकी विश्वास एकट्या आरशाने ठेवला.

मास्तर म्हणजे नवतारा ब्रास बॅण्डचे मालक आणि क्लॅरिनेटवाले. वीस वर्षं लग्नं वाजवली, पण नरडाण्यासारखे चाहते दुसरीकडे मिळाले नाहीत. तिथे लोक आधी मास्तरांची तारीख घेत आणि मग भटजींना त्या तारखेचा मुहूर्त काढायला लावीत!

पण एक्याण्णव साली मास्तर जळगावला साडूकडे गेले आणि घात झाला. तिथल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला लांब केसांची चार पोरं गिटारी बडवत होती आणि पोरं-पोरी बाकांवर चढून किंचाळत होती. त्याला रॉक म्हणतात, असं साडूने सांगितलं. मास्तरांना त्यातला एक सूर समजला नाही. टाळ्या मात्र पुरत्या समजल्या.

परत आले ते क्लॅरिनेट खुंटीला टांगूनच. पाटीवरचं 'ब्रास' पुसून 'रॉक' लिहिलं. गिटार आली, कॅसिओ आला, हातगाडीवर बॅटरी आणि भोंगा चढला. बॅण्डवाल्यांना काळे शर्ट शिवले. मे महिन्यात, खान्देशात, काळे शर्ट! मास्तरांनी स्वतःसाठी काळा गॉगलही घेतला.

ढोलवाला छगन सुरुवातीपासूनचा जोडीदार. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, नरडाणावाला इचारतीन, मारुतीनी चाल कोठे गई?"

"अरे छगन, जग कुठे चाललंय!"

"जग कोठेबी जावो. आपले नरडाणाले जानं शे!"

मास्तरांनी त्याच्याकडे गॉगलमधून पाहिलं. छगन ढोलाच्या खोळीत काहीतरी कोंबू लागला.

लग्न नरडाण्याच्या चुडामण आबांच्या धाकट्या मुलीचं. मुहूर्त बारा चाळीसचा. वऱ्हाड पहूरचं आणि वरबाप बन्सीलाल नाना म्हणजे मानपानाला जिवापाड जपणारा गडी. भर उन्हात नवरदेव घोड्यावर बसला, मास्तरांनी हात वर केला आणि रॉक सुरू झालं.

पहिल्या तडाख्याला घोडा दोन पावलं मागे सरला. पारावरचे म्हातारे कानावर हात ठेवून उठले. एकाने हातगाडीखाली वाकून पाहिलं, बॅटरी पेटली की काय! "मास्तर, काही बिघडनं का?" त्याने काळजीने विचारलं. मास्तर हसले. नव्या गोष्टीला वेळ लागतोच.

पण वेळच तर नव्हता! वीस वर्षांत मास्तरांच्या चाली हेच नरडाण्याचं घड्याळ झालं होतं, हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरदेव मारुतीला पोचला की मास्तर 'मारुतीची चाल' धरीत. ती ऐकू आली की नवरीकडची मंडळी ओवाळायचं ताट घेऊन त्याला आणायला निघत. मग जोराचा ढोल वाजला की आचारी समजे, अक्षता पडल्या, पंगत बसवा. आणि शेवटी संथ, रडवी चाल लागली की मुलीला वाटे लावायचं, सासरी धाडायचं.

आता गिटारीने गळा काढला तसं मांडवात नवरीच्या आत्याला, धुरपदाबाईंना, वाटलं, वाटे लावायची वेळ झाली. त्यांनी हातातला तांब्या टाकला आणि नवरीच्या गळ्यात पडल्या. "मन्ही पोर चालनी वं माय!"

"आत्या, अजून लग्न लागलं नाही!" नवरी म्हणाली. पण आत्यांचं रडणं ऐकून काकू रडल्या, काकूंचं ऐकून मावशी रडल्या आणि शेवटी भांडी घासणाऱ्या बायकांनीही डोळ्याला पदर लावला. नवरीलाही मग राहवलं नाही.

तेवढ्यात छगनला जोर चढला. जोराचा ढोल! मांडवामागे गिरधर आचाऱ्याने झारा आपटला. "लागलं लगीन! वाढा!"

चुडामण आबा धावत आले तेव्हा दीडशे माणसं जिलबीवर होती.

"गिरधर, हाई काय करं तू? नवरदेव कोठे शे?"

"आबा, मी बॅण्ड ऐकीसन पंगत मांडस. नवरदेव मोजत नहीं!"

तिकडे मारुतीपुढे नवरदेव उन्हात उभा. त्याला न्यायला काळं कुत्रं आलं नव्हतं. येणार कसं? मारुतीची चाल ऐकू आली तर ना! बारा वाजून पंधरा मिनिटं झाली. मास्तर गिटारवाल्याला अजून मोठ्याने वाजवायला लावत होते. पंचवीस झाली. नवरदेवाच्या मुंडावळ्या घामाने कपाळाला चिकटल्या. इतक्यात मांडवाकडून आलेला एक पाहुणा हात चाटत म्हणाला, "जिलबी झकास झाली!"

बन्सीलाल नानांचा चेहरा मिरचीसारखा झाला.

"आमचं पोरगं इथं भाजतंय आन् तुमची पंगत उठली? न्यायला एक माणूस नाही? फिरवा रे घोडा! चला पहूरला!"

घोडा खरंच फिरला. वऱ्हाड परत गेलं तर चुडामण आबा गावात तोंड दाखवू शकणार नव्हते, आणि मास्तरांना तर तापीच्या खोऱ्यात कुणी वाजवायला बोलावणार नव्हतं.

आबा धापा टाकत आले आणि त्यांनी भोंग्याची वायर उपटली. सगळं एकदम गप्प!

"मास्तर," आबांनी हात जोडले, "मन्ही पोरना जलमना प्रश्न शे. ती जुनी चाल वाजाड ना भो!"

मास्तरांनी गॉगल काढला. डोळ्यांत पाणी होतं. "आबा, क्लॅरिनेट धुळ्याला खुंटीवर आहे."

"तठे फक्त खुंटीच शे," छगन म्हणाला, आणि त्याने ढोलाच्या खोळीतून पंच्यात गुंडाळलेलं क्लॅरिनेट काढलं.

बारा पस्तीस. मास्तरांनी फुंकर घातली. पहिला सूर फाटला, दुसरा सावरला, आणि तिसऱ्यापासून मारुतीची चाल गल्लीगल्लीतून वाहू लागली. दारं धडाधड उघडली. ताटं आली, करवल्या आल्या. धुरपदाबाई रडं अर्धवट टाकून, पदराने नाक पुसत ओवाळायला धावल्या. नानांना चार जणांनी खांद्यावरच घेतलं, त्यामुळे त्यांना रागावायला जमीन उरली नाही. नवरदेवाला अक्षरशः पळवत मांडवात नेलं आणि बारा चाळीसला अक्षता पडल्या. गिरधरने जेवलेल्यांना पुन्हा बसवलं. कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी मास्तर एका कोपऱ्यात क्लॅरिनेट पुसत बसले होते. पुन्हा म्हणून रॉकचं नाव काढायचं नाही, पाटी उद्याच पुसायची, असं ते छगनला सांगत असताना बन्सीलाल नाना समोर येऊन उभे राहिले. मास्तर चटकन उठले.

"नाना, चुकलं माझं."

"ते राहू द्या." नानांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "पुढच्या महिन्यात माझ्या चुलतभावाकडं लगीन आहे. दहा वर्षं झाली, शेताच्या बांधावरून भांडण, आमचं बोलणं नाही. बॅण्ड माझ्याकडून आहेर. पण वाजवायचं तेच हां, दुपारचं, भोंग्यावरचं!"

छगनने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हातातल्या क्लॅरिनेटकडे पाहिलं. मग ते हळूच पंच्यात गुंडाळून छगनकडे दिलं आणि खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवला.