कोमळवल्लीच्या बॅगेचं प्रस्थान

कार्य सिद्धीस जायला ते करण्याची तितकीशी गरज नसते. आरंभ सुवेळी झाला की पुरे. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत यावर एकमत आहे. (घरं त्रेचाळीस. मुहूर्त मानणारं एकही नाही. सगळे दुसऱ्याच्या समाधानासाठी पाळतात.)

तीन वर्षं अर्ज खरडल्यावर सौंदरराजन यांच्या कोमळवल्लीला चेन्नईत नोकरी लागली. पत्रात स्पष्ट होतं: गुरुवारी दहाच्या आत सही, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. आता चेन्नई पडली उत्तरेला, आणि मंगळवार-बुधवार उत्तरेला निघायचं नाही. म्हणून सोमवारीच सुवेळ साधून तिची बॅग शेजारच्या पट्टम्मामामींकडे नेऊन ठेवली. बॅग निघाली की माणूस निघालाच; देह मागाहून गेला तरी चालतो. पत्रही बॅगेतच होतं.

बुधवारी गाडी बारा चाळीसची. नऊ ते साडेदहा वेळ निर्दोष होती, पण तेवढ्यात मामी कुलूप लावून देवळात गेल्या. त्या परतल्या तेव्हा गुळिक काळ लागला होता, तो बारापर्यंत. त्यात उचललेली बॅग जन्मभर उचलत बसावी लागते, म्हणून तिचे अप्पा सौंदरराजन मामींच्या दारात आडवे उभे राहिले. बाराला राहूकाळ लागला.

"मामी, बॅग द्या हो! गाडी चुकेल माझी."

"राहूकाळात माझ्या उंबऱ्यावरून वस्तू जायची नाही, पोरी. मी नाही गं मानत, पण तुझ्या अप्पांना काय वाटेल?"

"अप्पा, तुम्ही तरी सांगा ना!"

"मी कुठे मानतो? पण मामींचं मन कशाला मोडायचं?"

कोमळवल्लीला रडूच फुटलं. अखेर चर्चेअंती ठरलं, की परसातल्या भिंतीला उंबरा नाही. बॅग भिंतीवरून आली, पोरगी धावत सुटली आणि गाडी मिळाली.

गुरुवारी साडेनऊला ती कचेरीत हजर. अधिकाऱ्यांनी (संगणकशास्त्रातले डॉक्टर) घड्याळ पाहिलं.

"बसा. साडेदहापर्यंत गुळिक आहे. आत्ता रुजू झालात तर पुन्हा पुन्हा रुजू व्हावं लागेल. मी नाही मानत हो, वरचे साहेब मानतात."

"पण सर, पत्रात दहा..."

"बसा म्हटलं ना!"

दहा एकतीसला सही झाली. दहा पस्तीसला ती दहानंतरची असल्याचं आढळलं आणि नियमानुसार जागा पुढच्या उमेदवाराला गेली. अधिकाऱ्यांना मनापासून वाईट वाटलं.

फोनवर अप्पा चक्रावले. "वेळ तर चांगली होती, मग नोकरी गेली कशी गं?"

या अडाणीपणाला हसणाऱ्या सुजाण वाचकांचं अभिनंदन. आपण असलं काही मानत नाही, हे ठाऊक आहे. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू घरच्यांनी ठेवलं होतं. आपण फक्त नेम धरून गाडी त्यावरून नेलीत.