काखेतली बाटली

"झालं का?" लरिसाने न्हाणीघराच्या दारावर पुन्हा टकटक केली.

"असं सारखं विचारल्यावर कसं होईल?" आतून वॉरेनचा वैतागलेला आवाज आला.

"मला शाळेत जायचंय रे. पहिलीची पोरं एकटी राहिली की डिंक खातात."

"मग जा ना बाई! तू दाराशी उभी असलीस की मला तुझ्या आईचीच आठवण येते."

लग्नाच्या बायकोला, आणि तेही अशा वेळी, हे ऐकवणं काही शहाणपणाचं नव्हतं. पण वॉरेनची अवस्थाच नाजूक होती. त्याच्या हातात झाकणाची एक छोटी प्लास्टिकची बाटली होती आणि तिच्यात काय भरायचं होतं, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

गेली तीन वर्षं दोघं मुलासाठी धडपडत होती. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, तपासण्या झाल्या. दर महिन्याला लरिसा आशा लावून बसायची आणि महिना सरला की न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडून रडायची. नळाआडचं ते रडणं वॉरेनला ऐकू यायचं. काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून तो बाहेर जाऊन उगाच पिकअपचं तेल तपासत बसायचा. त्या पिकअपच्या तेलाइतकी काळजी उभ्या सास्काचेवान प्रांतात दुसऱ्या कुठल्या तेलाची कोणी घेतली नसेल.

आज दुपारी सास्काटून शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची भेट ठरली होती. ती मिळवायला अर्धं वर्ष गेलं होतं. वॉरेनचा आजचा निकाल बघून पुढचे उपचार करायचे की नाही, ते बाई ठरवणार होत्या. मागच्या वेळी नमुना इस्पितळातच द्यायला सांगितला होता. पण त्या खोलीच्या भिंती पातळ, आणि पलीकडे दोन नर्स कोबीचं लोणचं किती दिवस मुरवावं यावर तावातावाने भांडत होत्या. वॉरेन हात हलवत परत आला होता. म्हणून या खेपेला घरून न्यायची परवानगी मिळाली. अट एवढीच, की नमुना तासाभरात पोचला पाहिजे आणि वाटेत अंगाच्या उबेत राहिला पाहिजे. गार झाला की सगळं वाया. बाहेर पारा उणे तीसवर होता.

अखेर दार उघडलं. लरिसाने बाटली एका लोकरी मोज्यात गुंडाळली आणि वॉरेनच्या डाव्या काखेत, थेट कातडीला लागून बसवली. वरून दोन शर्ट, स्वेटर आणि जाड कोट चढवला.

"हात वर करायचा नाही," ती म्हणाली. "शिंक आली तरी नाही."

"आणि वाटेत कोणी भेटलं तर?"

"बोलायचं नाही. थांबायचं नाही." मग तिने त्याची कॉलर घट्ट धरली. "वॉरेन, आज नाही जमलं ना, तर मी हे सगळं सोडून देणार. खरंच सांगते. मला आता सोसवत नाही. आणि काही झालं तरी आईला कळता कामा नये."

आईला कळणं म्हणजे काय, हे वॉरेनला पक्कं ठाऊक होतं. लरिसाची आई स्टेफाबाई. त्यांना कळलं की त्यांच्या मैत्रिणीला, आयरीनला कळणार, आणि आयरीनला कळलं की गावात दवंडी पिटायची गरज उरत नसे. शिवाय दर नाताळला स्टेफाबाई रिवाजाप्रमाणे टेबलावर बारा पदार्थ मांडत आणि तेरावा म्हणून एक प्रश्न वाढत, "मग, यंदा काही गोड बातमी?" त्या प्रश्नानंतर लरिसाच्या ताटातले बाराही पदार्थ तसेच राहत.

वॉरेन निघाला. बाटलीसाठी गाडीतला हीटर त्याने शेवटच्या काट्यावर ठेवला होता. त्यामुळे तो आतून भट्टीतल्या पावासारखा भाजून निघत होता आणि घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. एका हाताने गाडी हाकायची, दुसरा हात बरगडीला चिकटवून ठेवायचा आणि नजर सारखी घड्याळाकडे. निम्मी वाट बरी गेली. मग रस्त्याकडेच्या चरात, नाक बर्फात खुपसून बसलेली एक हिरवी गाडी दिसली.

त्या मुलुखात एक अलिखित कायदा आहे. थंडीत चरात गाडी दिसली की थांबायचं. एखादा खुनी पोलिसांना चुकवून पळत असला तरी तो थांबतो, दोर लावून गाडी ओढतो, हवापाण्यावर चार शब्द बोलतो आणि मगच पुढे पळतो. तरीही वॉरेनने आज मन घट्ट केलं. पाहिलं न पाहिलंसं करून निघून जायचं त्याने ठरवलं. तेवढ्यात त्या गाडीमागून फुलाफुलांचा रुमाल बांधलेली एक बाई दोन्ही हात हलवत रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. गाडी हिरवी होती, रुमाल लाल होता आणि बाई स्टेफा होती.

"बरं झालं देवानेच तुला धाडलं!" सासूबाई म्हणाल्या. "शहरातल्या हॉलवर पेरोगी पोचवायच्यात. दुपारी जेवणावळ आहे. गाडीचं नंतर बघू, आधी हे ट्रे तुझ्या गाडीत चढव."

"आई, मला घाई आहे हो."

"मग दोन्ही हातांनी उचल. एका हाताने काय पिसं वेचतोयस?"

वॉरेन बटाटा भरलेल्या त्या उकडीच्या करंज्यांचा एकेक ट्रे उजव्या हाताने, पोटावर टेकवून, खेकड्यासारखा तिरका चालत नेऊ लागला. स्टेफाबाई बघत राहिल्या. जावयाचा चेहरा पांढराफटक, उणे तीसच्या थंडीत कपाळावर घामाच्या धारा, डावा हात छातीशी आवळलेला, श्वास लागलेला. त्यांच्या हातातला शेवटचा ट्रे हळूच खाली आला.

"वॉरेन, छातीत दुखतंय का रे?"

"छे हो."

"डावा हात जड झालाय?"

"नाही. काही नाही. गॅस असेल."

हा शब्द चुकीच्या माणसापुढे निघाला.

"लरिसाचा बाप वासिलही असंच म्हणाला होता!" स्टेफाबाई किंचाळल्या. "काही नाही, गॅस असेल! आणि संध्याकाळी गेला! सरक तिकडे. गाडी मी चालवते."

"आई, तुमचीच गाडी आत्ता चरात..."

"सरक म्हणते ना!"

वॉरेन सरकला. खरं सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर आलं, पण लरिसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्याने शब्द गिळले. मग त्याच्या घामेजल्या डोक्यात एक विचार चमकला. तातडीचा विभाग आणि प्रयोगशाळा एकाच इस्पितळात होती. आणि सासूबाई ज्या वेगाने निघाल्या होत्या, त्या वेगाने तो स्वतः कधीच पोचला नसता.

"हो आई," तो क्षीण आवाजात म्हणाला. "जरा दुखतंय खरं."

त्यावर स्टेफाबाईंनी जो काही पाय दाबला, त्याने मागचे पेरोगीचे ट्रे एका बाजूने दुसऱ्या बाजूला घसरत गेले. एका हातात चाक, दुसऱ्या हातात फोन. "आयरीन? वॉरेनला झटका आलाय. हो, हृदयाचा. नाही, अजून आहे. लरिसाच्या शाळेत कळव. आणि हे बघ, कोणाला सांगू नकोस."

"आई, फोन कशाला केलात?" वॉरेन खरोखरच कण्हला.

"तू बोलू नकोस. प्रार्थना म्हण."

वॉरेनने खरोखरच प्रार्थना म्हटली. ती हृदयासाठी नव्हती.

इस्पितळाच्या दारात स्टेफाबाईंनी असा आरडाओरडा केला की तीन माणसं आणि एक चाकाची खुर्ची धावत आली. वॉरेनला काही बोलू न देता आत नेऊन पलंगावर आडवं केलं. अंगावरचा कोट गेला, स्वेटर गेला, शर्टाची बटणं सुटू लागली. हृदयाचा आलेख काढायला नर्सच्या हातात चिकटपट्ट्या तयार होत्या.

"डावा हात वर करा," नर्स म्हणाली.

"नाही."

"दुखतोय?"

"नाही."

"मग करा ना वर."

"मी शब्द दिलाय," वॉरेन म्हणाला.

"भ्रम झालाय त्याला," स्टेफाबाईंनी डोळ्यांना पदर लावावा तसं रुमालाचं टोक लावलं. "वासिललाही शेवटी असंच झालं होतं."

नर्स शेतकऱ्याच्या घरची होती. तिने वासरं ओढून बाहेर काढली होती, एका हाताचं तिला काय! तिने तो उचलला आणि काखेतून एक लोकरी मोजा टुणकन निसटून स्टेफाबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला. आत बाटली होती. बाटलीवर वॉरेनचं नाव होतं आणि नमुना कसला, तेही छापील अक्षरांत लिहिलेलं होतं.

स्टेफाबाईंनी ते वाचलं. मग बाटली डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा एकदा वाचलं.

"तासाच्या आत प्रयोगशाळेत द्यायचंय, आई," पडल्यापडल्या वॉरेन म्हणाला. लाजेने त्याचे कान जळत होते. "गार होता कामा नये. तास संपत आलाय."

स्टेफाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग कोणालाही न विचारता त्यांनी ती बाटली मोज्यासकट स्वतःच्या पोलक्यात खोल सारली, वरून कोट आवळला आणि पळत सुटल्या. दोन्ही गुडघे गेलेत म्हणून चर्चमध्येही बसून प्रार्थना करणारी ती बाई लांबलचक व्हरांड्यातून अशी धावली की औषधांची गाडी ढकलणारा माणूस भिंतीला चिकटला.

त्या परतल्या तेव्हा वॉरेनच्या छातीवर चिकटपट्ट्या होत्या आणि डॉक्टर म्हणत होते, "हृदय ठणठणीत आहे. फक्त एवढं का धडधडतंय ते कळत नाही."

डॉक्टर गेल्यावर स्टेफाबाई खुर्चीत कोसळल्या. "पोचलं. वेळेत पोचलं. ती पोरगी विचारते, नमुना कोणाचा? म्हटलं, माझ्या जावयाचा. अख्खी रांग वळून बघायला लागली. बघू दे मेल्यांना."

मग परत आणलेल्या रिकाम्या मोज्याशी चाळा करत त्यांनी विचारलं,

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन वर्षं."

"आणि दर नाताळला मी..." त्यांनी मोजा मुठीत आवळला. "लरिसाच्या आधी आम्ही सात वर्षं वाट बघितली रे. वासिलची आई मला काय काय पाजायची, आणि सगळ्यांसमोर विचारायची. तेव्हा ठरवलं होतं, आपल्या लेकीला हे कधी विचारायचं नाही. सगळं विसरले बघ मी. मला माझीच लाज वाटते."

इथे तेल तपासायला पिकअपही नव्हती. वॉरेनने त्यांचा हात धरला. "आई, लरिसाला सांगू नका तुम्हाला कळलंय म्हणून. ती मोडून पडेल."

"मी काय आयरीन आहे?" स्टेफाबाई डोळे पुसत गुरकावल्या.

तेवढ्यात पडदा सरकवून लरिसा आत घुसली. पायात शाळेतले कापडी बूट, गालावर वाळलेले अश्रू, कोटाची बटणं भलत्याच काजात. मुख्याध्यापकांनी तिला स्वतः गाडीतून आणलं होतं. वॉरेनला जिवंत पाहून तिने आधी त्याला मिठी मारली आणि मग त्याच्या उघड्या काखेकडे पाहून तिचा चेहरा उतरला.

"पोचलं," वॉरेन तिच्या कानात पुटपुटला.

"काय पोचलं?" स्टेफाबाई खिडकीबाहेर बघत निर्विकारपणे म्हणाल्या. "मला बाई काही ऐकू आलं नाही. मी पेरोगी पोचवून येते. बटाट्याचा लगदा झाला असेल एव्हाना."

दुपारी डॉक्टरीणबाईंनी निकाल वाचला, मान डोलावली आणि पुढचे उपचार सुरू करू म्हणाल्या. लरिसा न्हाणीघरात न जाता तिथेच, सगळ्यांदेखत रडली. अजून काहीच घडलं नव्हतं, घडेलच असंही नव्हतं, पण दार बंद झालं नव्हतं.

आता दर आठवड्याला शहरात यावं लागणार होतं. गावात काय सांगायचं, या काळजीत दोघं घरी पोचली, तर पायऱ्यांवर शेजाऱ्यांनी ठेवलेली झाकलेली भांडी, अंगणातला बर्फ कोणीतरी साफ केलेला, आणि बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या संघातून निरोप, की दगड ढकलायला दुसरा गडी घेतलाय, तू विश्रांती घे. स्टेफाबाईंनी आयरीनला ठणकावून सांगितलं होतं की वॉरेनचं हृदय तोळामासा झालंय आणि तपासणीला त्याला दर आठवड्याला शहरात न्यावं लागेल.

"डॉक्टर ठणठणीत म्हणाले ना?" लरिसा बुचकळ्यात पडली. "आई असं का सांगत सुटलीय?"

"म्हातारं माणूस," वॉरेन म्हणाला. "ऐकण्यात घोळ झाला असेल."

पुढच्या रविवारी सासूबाईंकडे जेवण होतं. आयरीन आली होती. दुसऱ्या वाढणीला तिने लरिसाकडे वळून गोड आवाजात सुरुवात केली, "बाकी काय गं, तुमच्याकडे पाळणा कधी..."

"आयरीन!" स्टेफाबाईंचा डाव टेबलावर आपटला. "असले प्रश्न माझ्या घरात विचारायचे नाहीत. पेशंट बसलाय समोर."

आयरीनने पुढचा घास घाईने तोंडात कोंबला. लरिसाने मान वर करून आईकडे पाहिलं. स्टेफाबाईंनी नजर टाळली, पण टेबलाखालून त्यांचा हात आला आणि लेकीच्या मांडीवर थांबला. लरिसाने हातातला काटा खाली ठेवला. मग तिने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि जेवण संपेपर्यंत सोडला नाही.

वॉरेनने मिठाच्या भांड्याकडे हात नेला.

"तुला नाही," स्टेफाबाई म्हणाल्या.