याकूबभाई क्रियापद करतात

भर दुपारी, रिकाम्या सरळ रस्त्यावर एक माणूस मोपेड नागमोडी चालवतो आहे आणि मागे दोरीनं बांधली आहे माझ्या पिठाच्या चक्कीची मोटर. सांगा, माझा जीव थाऱ्यावर राहील का? मी दारातूनच ओरडले, "याकूबभाई, पिऊन आले का काय?"

"तौबा तौबा! मिअँडर करून राह्यलो, वहिनी." त्यांनी गाडी ओट्याला लावली. "नदी कशी चालते? इकडून तिकडे, घाई नाई, गडबड नाई. तसं चालाचं. आजचं क्रियापद हाये."

"अन् मोटर पडली असती म्हणजे?"

"मंग ते दुसरं क्रियापद झालं असतं."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? फुलसावंगीत कोणाचीही मोटर जळली की ती भरायला याकूबभाईंकडेच जाते. शेतातला पंप असो की घरातला कूलर, हा पांढऱ्या दाढीचा शांत माणूस दारातल्या उन्हात तांब्याची तार गुंडाळत बसलेला असतो. कापसाच्या दिवसांत गाड्यांमधून उडालेला कापूस गल्लीभर तरंगतो, त्यांच्या दाढीत अडकतो, आणि त्यांना पत्ताही नसतो. पण मागच्या पावसाळ्यापासून त्यांना हा नवा छंद लागला. सकाळी उठून मोबाइलला इंग्रजीतलं एक क्रियापद विचारायचं, अर्थ समजून घ्यायचा, आणि दिवसभर ते करत हिंडायचं. साधी क्रियापदं त्यांना चालत नाहीत. "गो, कम, ईट तर पोट्ट्याइले बी येते," ते म्हणतात. "आपल्याले भारीवाली पाह्यजे."

'स्क्रूटिनाइझ' म्हणजे बारकाईनं तपासणं. ते घेतलं त्या दिवशी टपरीवर कपातल्या चहाकडे ते इतका वेळ टक लावून बसले, की चहावाल्यानं घाबरून न मागता दुसरा कप दिला. 'हॉवर' म्हणजे घिरट्या घालणं. ते नेमकं एका लग्नाच्या दिवशी आलं. भज्यांच्या परातीभोवती त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या, की नवरीच्या मामानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "चाचा, जेवले नाई का सकाळपासून?" आणि 'प्रोक्रॅस्टिनेट'! म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. ते क्रियापद आलं तेव्हा मोटर माझीच त्यांच्याकडे होती. "उद्या या, वहिनी," ते हात जोडून म्हणाले. "आज मी मजबूर हाये." इकडे माझ्या ओसरीत ज्वारी-गव्हाचे डबे रांगेनं तुंबलेले. मी त्यांना तिथंच उभं राहून जे काही सुनावलं, ते कोणत्याही भाषेत लिहिण्यासारखं नाही.

गाव हसतं. "याकूबभाई सटकले," म्हणतं. म्हणो बापडं. यातलं खरं काय ते मला माहीत आहे, कारण आमची भिंत एकच आहे.

त्यांची बायको, शाहीन मॅडम, गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. बाई भारी कडक! क्रियापद पाठ करायचं नसतं, करून दाखवायचं असतं, हा त्यांचा नियम. त्यांच्या वर्गातली पोरं कधी बाकांखाली रांगत, कधी एकमेकांना ओढत. आणि कोणी चुकलं, की मॅडम टेबलावर बोट आपटून म्हणायच्या, "चूक!" घरीही तेच. भाजीत मीठ जास्त पडलं, चूक. खिळा वाकडा ठोकला, चूक. याकूबभाई हसत सांगायचे, "निकाहात 'कबूल हाये' म्हनलं, तेवढं एक बरोबर निंघालं. बाकी सारी जिंदगी चूक."

मागच्या पावसाळ्यात मॅडमला लकवा मारला. हळूहळू पाय सुधारला, हातात थोडा जोर आला, वाचा मात्र आली नाही. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, गेलेले नाहीत. त्यांच्या आवडीचं काहीतरी रोज समोर ठेवा. आता मॅडमची आवड काय? लुगडी नाहीत, दागिने नाहीत. क्रियापदं!

म्हणून हा माणूस दिवसभर गावात सराव करतो आणि संध्याकाळी बायकोच्या खाटेसमोर उभा राहून करून दाखवतो. तिनं ओळखायचं. ती नुसती बघते, मग तोंड खिडकीकडे फिरवते.

"एक शब्द, वहिनी," ते मला एकदा म्हणाले. "इंग्रजीत म्हनो, मराठीत म्हनो, शिवी देओ. घर मुकं झालं हो." मग स्वतःच मान हलवून म्हणाले, "उद्या मोठं घेतो."

खोटं कशाला बोलू, मला कधीकधी मॅडमचाच राग यायचा. अहो, एवढा म्हातारा माणूस तुमच्यासाठी नाचतो आहे, हूं तरी करा! मग भिंतीपलीकडची ती शांतता कानावर यायची आणि माझाच राग विरून जायचा.

परवा तिसऱ्या प्रहरी मी तुरीच्या शेंगा उकडून त्यांच्याकडे घेऊन गेले. ऊन कलतं झालं होतं, खोलीत पिवळा उजेड भरून राहिला होता, आणि त्यात कापसाचे दोन-चार तंतू तरंगत होते. याकूबभाई उंबऱ्याशी तयारीत उभे.

"आज लिंगर," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "रेंगाळनं. जाचं हाये, पन पाय निंघत नाई."

त्यांनी सुरुवात केली. एक पाय बाहेर टाकला, आत घेतला. टोपी घातली, काढली. रस्त्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. मला तर झकास वाटलं. शेंगांचं भांडं हातात नसतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

"वळख," ते म्हणाले.

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. मला वाटलं, पाणी हवं असेल. मी पुढे झाले, तोच आवाज आला, जाडाभरडा, बसलेला.

"चू... क."

याकूबभाईंचा पाय खाली आलाच नाही. मॅडमनी बोट खाटेच्या लाकडावर हळूच आपटलं. "हे... झि... टेट." दम घेतला. "लिंगर... नाई."

"चूक?" याकूबभाई माझ्याकडे वळले, दाढी ओली झाली होती. "वहिनी, आयकलं ना तुमी? हे तर कचरनं झालं! मी चुकलो! सारं चुकलो!" आपली चूक निघाली म्हणून इतका आनंदलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझेही डोळे वाहत होते, आणि वाहू दिले मी.

मग ते खाटेजवळ गेले. "मंग लिंगर कसं करतेत, मॅडम?"

मॅडम बोलून थकल्या होत्या. त्यांनी हातानं खाटेवरची जागा थोपटली. याकूबभाई बसले. मॅडमनी त्यांची बाही धरली. मी आत जाऊन चहा केला, आणून ठेवला. तो निवला, त्यावर साय आली. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "याकूबभाई, पंप झाला का?" ते जागचे हलले नाहीत. ऊन भिंतीवरून सरकत वर गेलं, आणि दोघं तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळानं याकूबभाईंनी हळूच विचारलं, "आता बरोबर हाये?"

मॅडमनी बाही सोडली नाही.