कच्छवे सरांची शनिवारची परीक्षा

आमच्या शाळेत दर शनिवारी सकाळी एक परीक्षा होते. परीक्षार्थी एकच असतो. निवृत्तीला टेकलेला, डोक्यावर पांढरी टोपी, चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला. परीक्षक म्हणजे पहिलीची लेकरं आणि हा परीक्षार्थी म्हणजे आमचे मुख्याध्यापक, कच्छवे सर. केंद्रप्रमुख एकदा अचानक भेटीला आले, तर सर कान धरून उभे. साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, सरांची तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे हो. पहिल्यापासून अशीच आहे.

शाळा आमची दोनशिक्षकी, बोरीच्या पुढं. अर्धी लेकरं गावातली, अर्धी शेजारच्या बंजारा तांड्यावरची. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं. इतकी वर्षं या माणसाबरोबर नोकरी करतेय, पण त्यांनी मला एक वाक्य सुखानं बोलू दिलं असेल तर शपथ.

व्याकरण म्हणजे सरांचा जीव की प्राण. "खिडकीची काच फुटली" असं सांगत लेकरं आली की सर म्हणणार, "फुटली? आपोआप? पळपुटं वाक्य आहे हे. कर्ता कोण?" मग कर्ता नाक पुसत पुढं यायचा. खिचडी करपली तेव्हा खिचडीवाल्या मावशींनाही हाच सवाल. मावशी काय ऐकून घेणाऱ्या! "करपली ती करपली. कर्ता ग्यास हाय, त्येला इचारा जाऊन." सरांचं लगेच समाधान झालं. कर्ता मिळाल्याशी मतलब, खिचडी करपलेली का असेना.

मला एकदा सणसणून ताप भरला. कसाबसा रजेचा अर्ज खरडून पाठवला. तो लाल शाईनं माखून परत आला. खाली शेरा होता, "रजा मंजूर. वाक्यरचना नामंजूर." तापात माणसाला किती राग येऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

असा हा माणूस म्हातारपणी गोरमाटी, म्हणजे तांड्यावरची बंजारा बोली, कसा शिकायला लागला ते सांगते.

जूनमध्ये पहिलीत सोनी राठोड नावाची पोरगी आली. तांड्यावर घरोघरी गोरमाटीच बोलतात, लहान लेकरांच्या कानावर मराठी पडते ती बाजाराच्या दिवशी. बाकीची लेकरं हळूहळू सरावतात. सोनी मात्र तोंडच उघडेना. सतरंजीच्या टोकाला बसायची, टकामका बघायची आणि "नाव काय गं तुझं?" म्हटलं की फ्रॉकचं टोक तोंडात. मी चित्रं दाखवली, गाणी म्हटली, चॉकलेट दिलं. चॉकलेट खाल्लं, पण बोलली नाही. मी पार बेजार झाले.

पोळ्याच्या सुमारास तिचा बाप वसंत शाळेत आला.

"मॅडम, दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला गंगाखेडकडं जाणार. पोरीला आजीपाशी ठेवावं मनत होतो. पर ही तर शाळेत मुकी बसायलीय. काई शिकायचीच न्हाई तर कामून ठेवायची? संगं नेतो. धाकट्याला तरी सांभाळंल."

एकदा उसाच्या फडावर गेलेलं लेकरू परत येऊन वर्गात टिकलं, असं मी फार कमी पाहिलंय. पण बोलायचं काय? पोरगी खरंच काही शिकत नव्हती.

सर मागं उभे होते. त्यांनी विचारलं, "घरी बोलते का?"

"घरी? घरी तर तिच्या तोंडाला आराम न्हाई!"

"मग मुकी नाही ती. तिची भाषा आम्हाला येत नाही, एवढंच. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर नाही बोलली तर खुशाल न्या."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सरांची स्कूटर तांड्याकडं वळायला लागली. आता कुणीही माणूस नवी भाषा शिकताना आधी पाणी, भाकर, मीठ शिकेल. सरांनी आधी काळ घेतले. तिन्ही काळ, त्यात तिन्ही पुरुष, त्यात दोन्ही वचनं. दारात दिसेल त्याला पकडून क्रियापद चालवून घ्यायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. खाणं, पिणं, येणं, जाणं झालं आणि क्रियापदं संपत आली. अशाच एका संध्याकाळी सर सोनीच्या आजीसमोर उभे राहून म्हणाले, "आजी, मी मरेन, तू मरशील, ती मरेल, हे तुमच्यात कसं म्हणतात?"

म्हातारीला मराठी अर्धंच कळायचं, पण नेमकं हे अर्धं कळलं. केरसुणी घेऊन ती सरांच्या मागं लागली, थेट स्कूटरपर्यंत.

सकाळी सर मला गंभीरपणे म्हणाले, "क्रियापद निवडताना चूक झाली. पण काम झालं. ती जे काही ओरडत होती, ते सगळं भविष्यकाळात होतं."

आणि मग शिकलेलं तपासायला म्हणून ही परीक्षा. सर पहिलीच्या सतरंजीवर मांडी घालून बसायचे. लेकरांनी मराठीत वाक्य विचारायचं, सरांनी गोरमाटीत सांगायचं. तांड्यावरची लेकरं निकाल देणार, चुकलं की कान धरून उभं राहायचं. पहिलीत कुणाला नापास करत नाहीत, हे लेकरांना कुठं माहीत! दर शनिवारी सर नापास. मला वाटलं, लेकरांच्या गमतीसाठी मुद्दाम चुकत असतील. तसं विचारलं तर माझ्यावरच डाफरले, "मुद्दाम? अहो, मी घरी पाठ करून येतो!"

सोनी हे सगळं नुसतं बघायची. दसरा आला तरी हूं की चूं नाही. माझा धीर सुटत चालला होता.

एका शनिवारी सर बकरीबद्दल काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण तांड्यावरची लेकरं गडाबडा लोळली. आणि सोनीनं तोंडातून फ्रॉक काढला. उठली, सरांच्या पुढ्यात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जी बोलायला लागली, ती थांबेचना. बहुतेक रागावत होती. एवढा मोठा माणूस आणि एवढं साधं येत नाही म्हणून. सर कान धरून उभे, मान डोलवत होते. मी व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आले. खोटं कशाला सांगू?

त्या दिवसापासून सोनी सरांची मास्तरीण झाली. ती एक शब्द सांगायची, बदल्यात सर एक सांगायचे. जेवणाच्या सुट्टीत दोघं लिंबाखाली बसायचे आणि एकमेकांना रागवायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी वसंत पुन्हा आला. सरांनी सोनीला जवळ बोलावलं आणि तिच्या कानात काही सांगितलं. पोरगी बापासमोर उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "बापू, मी शाळा जातो. बकरी आजी बघते. मी ऊस नाही येत. मी हितंच राहतो."

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या, माझीसुद्धा. आता लाल शाई निघणार. पण सर नुसते टोपी सारखी करत उभे राहिले.

वसंतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "ही तर मराठी बोलायलीय की!"

"लय बोलायलीय," मी म्हटलं.

त्यानं उगीच खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाला, "ठेवतो आजीपाशी. पर हिच्या आईला तुमी सांगा सर, ती लय रडंल."

तो गेल्यावर मी सरांना छेडलं. "काय सर, आज एकही चूक धरली नाहीत? सूर्य कुठं उगवला?"

सर हसले नाहीत. खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसत राहिले.

"आमची ही भालकीकडची होती, मॅडम. घरात कन्नड बोलणाऱ्या माणसांतली. लग्न होऊन आली तेव्हा मोडकंतोडकं मराठी बोलायची, हौसेनं बोलायची. मी प्रत्येक वाक्याला अडवायचो. चार माणसांतसुद्धा. पुढं पुढं ती बोलायचीच कमी झाली. मी समजत होतो, स्वभावच शांत आहे."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला.

"शेवटच्या आजारात तिचं मराठी गेलं. नुसतं कन्नड. माझा हात धरून काहीतरी मागायची, पुन्हा पुन्हा तेच. मी पाणी दिलं, पांघरूण घातलं, पोराला फोन लावून दिला. ते नव्हतं. मान हलवायची आणि परत तेच मागायची. काय मागत होती, मला कळलं न्हाई."

"नंतर विचारायचं होतं ना, तिच्या माहेरच्यांना?"

"काय विचारू? भाषाच येत नसली की शब्द ध्यानातसुद्धा राहत नाहीत."

एवढ्यात सोनी धावत दारात आली आणि सरांना काहीतरी सांगायला लागली. गोरमाटीत, भराभर, दम न खाता.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"सगळं नाही कळलं," सर म्हणाले. उठून तिच्यापुढं उकिडवे बसले आणि तिच्याच भाषेत, अडखळत, तिला म्हणाले की पुन्हा सांग, हळू सांग, मी थांबतो.