हे बी तुमीच

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या शेजारच्या तुकाजीकाका सोनारांकडे दागिना घडवायला टाकला, की पाठीवर कवटी फुकट मिळायची. पाटली असो, कंबरपट्टा असो. मागे हरभऱ्याएवढी, दात विचकलेली कवटी.

ही खोड त्यांना एका साहेबाने लावली. अमेरिकेत लढाई पेटली, आमच्या कपाशीला सोन्याचा भाव आला, आणि खरेदीला आलेल्या साहेबाने त्यांच्याकडे एक काशाचं पदक कडी बसवायला दिलं. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, इटली देशातलं. पुढे कुणा सरदाराचा चेहरा, मागे कवटी आणि वाळूचं घड्याळ. काकांनी ते आठ दिवस परत केलं नाही. मला दाखवून म्हणाले,

"पाह्य बापू, कारागीर कसा खरं बोलून राह्यला! पुढं रुबाब, मांगं मरण."

तेव्हापासून "पालथं करून पाह्य" हे त्यांचं पालुपद. तेजीने फुगलेल्या एका दलालाने स्वतःचं तोंड चांदीवर कोरून घेतलं, पालथं केलं आणि किंचाळला, "हे काय?"

"हे बी तुमीच."

मी खूश! या माजलेल्यांना असाच आरसा हवा, असं मी चार चौकांत ओरडून सांगितलं.

मग काकांची लेक सखू बाळंतपणात गेली. दोन महिन्यांत जावई दुसरं लग्न करून दारात हजर: पहिलीचा टाक हवा. मेलेल्या सवतीची चांदीतली प्रतिमा नवीने गळ्यात बांधायची, म्हणजे ती छळत नाही, ही आपली रूढी! मी भडकलो. "काका, हाकला त्याला! मेलेलीची विटंबना, जितीला धाक. नाही म्हणा!"

"अन् दुसऱ्या सोनारानं केला तं? त्याले माह्या पोरीचं तोंड मालूम हाय का?"

टाकावर नुसती बाईची आकृती ठोकतात. खरा चेहरा कुणी काढत नाही. काकांनी सखूचा काढला, हनुवटीवरच्या गोंदणासकट. पाठ मात्र कोरी, घासून गुळगुळीत. "अंगाले लागते," एवढंच म्हणाले.

दोऱ्याचं माप द्यायला जावई नवरीला घेऊन आला. बारा वर्षांची असेल. टाक पाहताच तिने पदर डोळ्यांवर ओढला. मी जावयाला झापायला तोंड उघडलं, पण काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

"भेऊ नको माय. माही सखू कोनाले भेवाडत नाही. ते सोताच अंधाराले भ्याची. तू तिले जवळ घेऊन झोपजो."