हाडोळे काकांचं पातळ प्रकरण

आमच्या अकोल्यात हाडोळे काका नावाचे एक केमिस्ट आहेत. त्यांच्या काउंटरवर थर्मामीटरच्या शेजारी एक स्क्रू गेज पडलेलं असतं. शाळेत विज्ञानाच्या तासाला तार किती जाड आहे हे मोजायला देत, ते यंत्र. कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून भंगारात निघालेलं ते काकांनी उचललं आणि तेलपाणी करून कामाला लावलं. काम एकच. बाजारात कंडोमचं नवीन पाकीट आलं की त्यातला एक फोडायचा, धुऊन-पुसून सपाट करायचा आणि खरोखर किती पातळ आहे ते मोजायचं.

"पाकिटावर सगळेच लिहितात, सगळ्यात पातळ," काका म्हणतात. "सगळेच सगळ्यात पातळ कसे असतीन?"

प्रश्न बिनतोड आहे. पण तो ते भर दुकानात, चारचौघांत, खोकल्याचं औषध मागायला आलेल्या माणसालाही विचारतात.

काका मूळचे अंजनगाव सुर्जीचे. घरचा विड्याच्या पानांचा मळा. लहानपणी हजारो पानं हाताखालून गेलेली, त्यामुळे कोवळं पान कोणतं आणि जून कोणतं हे त्यांच्या बोटांना डोळे मिटून कळतं. वय साठीच्या पुढे, अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज मात्र भाजीबाजारातला. कंडोमचं पाकीट ते कागदात गुंडाळून देत नाहीत. काळी पिशवी तर दुकानातच नाही. कोणी दबक्या आवाजात "काका, कागदात द्या न" म्हणालं की ते त्याहून दुप्पट आवाजात विचारतात, "काहून? चोरीचा माल हाये का?" आणि पाकीट हातात ठेवण्याआधी प्रत्येक पुरुषाला त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "घरी विचारलं का?"

माझी आणि त्यांची ओळख बामच्या बाटल्यांवरून झाली.

मी संस्कृत शिकवतो. आमचं घराणं अमरावतीचं, तीन पिढ्यांची भिक्षुकी. शृंगाररसाचे श्लोक मी वर्गात न अडखळता म्हणू शकतो, पण मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून तीन अक्षरांचा एक शब्द उच्चारायला मला जमत नव्हतं. मुलगी वर्षाची झाली होती. बाळंतपण सिझेरियनचं, अवघड गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोला, मेघाला, बजावलं होतं की निदान तीन वर्षं दुसऱ्याचा विचार नको. गोळ्यांनी तिचं डोकं चढायचं. राहता राहिला एकच उपाय, आणि तो मला नको होता. आधी कधीतरी वापरून पाहिला होता. हातमोजे घालून वरण-भात कालवावा तसं वाटलं होतं. मी टाळत राहिलो. मेघा घाबरत राहिली. मग मी रुसलो आणि ती गप्प झाली. एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांना वाट करून देत चालायला लागलो.

शेवटी मनाची तयारी करून मी हाडोळे काकांच्या दुकानात गेलो, आणि डोकेदुखीचा बाम घेऊन परत आलो. चार दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा बाम. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी मे महिन्यातली दुपार होती. अकोल्याची मे महिन्यातली दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, म्हणून मुद्दाम तीच वेळ साधली होती. दुकानात बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एक आजी तेवढ्या स्टुलावर टेकल्या होत्या. मी बाम मागितला. काकांनी बाम दिला नाही.

"सर," ते म्हणाले, "तुमचं डोकं दुखून नाई राहिलं. काय पाह्यजे थे सांगा."

मी आजींकडे पाहिलं. आजी पंख्याकडे पाहत होत्या. मी तो शब्द बोललो. बोललो म्हणजे ओठ हलवले. काकांना तेवढं पुरलं.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. आधी त्यांनी माझी तक्रार काय आहे ते काढून घेतलं. मी वरण-भाताचं उदाहरण दिलं. ते त्यांना फार आवडलं. मग कोणता वापरला होता असं विचारलं. मी म्हणालो, जो मिळाला तो. "इथंच चुकलं," असं म्हणून त्यांनी माझ्या पुढ्यात दोन पाकिटं फोडली. एक साधं, एक त्यांनी मोजून पसंत केलेलं पातळ. साधा कंडोम माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर चढवला, मला डोळे मिटायला लावले आणि बोटांखाली दोन रुपयांचं नाणं सरकवलं. छापा का काटा, ते सांगायचं होतं. मला काहीच सांगता येईना. नाणं आहे एवढंच कळत होतं.

मग दुसरा चढवला. पुन्हा डोळे मिटले. या वेळी बोटांखाली कडा लागल्या, उठाव लागला, धातूचा गारवासुद्धा लागला. मी चाचपत राहिलो. संस्कृतचा प्राध्यापक, भिक्षुकाचा मुलगा, भर दुपारी दुकानात डोळे मिटून उभा, आणि बोटांवर ही वस्तू.

"काटा," मी म्हणालो.

"छापा हाये, सर," स्टुलावरून आजींचा शांत आवाज आला.

पण नाण्यावर काहीतरी आहे हे मला कळलं होतं, आणि काकांच्या मते परीक्षा तेवढ्याचीच होती. ते खूश झाले. मग त्यांनी सूचनांचा पाढा वाचला. तारीख पाहून घ्यायचा. स्कूटरच्या डिक्कीत किंवा खिशातल्या पाकिटात ठेवायचा नाही, आपल्याकडच्या उन्हात त्याचा जीव जातो. खोबरेल तेल लावायचं नाही, तेलानं रबर सडतं, लागलंच तर पाण्याचं जेल मिळतं. जास्त सुरक्षित म्हणून एकावर एक दोन घालायचे नाहीत. टोकाची हवा चिमटीत धरून काढायची. एका वेळी एक, आणि एकदाच. आजी मधूनमधून मान डोलवत होत्या.

"आता सांगा," काका म्हणाले, "घरी विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, यात विचारायचं काय.

"मंग दोन-तीन परकारचे घेऊन जा. दोघं मिळून हात लावून पाहा. तिले कोनता पटते थे मले येऊन सांगा. एकट्यानं ठरवाची वस्तू नाई हे."

पाकिटं उघडी हातात घेऊन मी घरी आलो. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. मेघाला सगळं सांगितलं. आजींचं वाक्य सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना पाहत होतो. मग आम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभे राहून नाण्याचा खेळ खेळलो. तिला दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखता आलं. पण हसणं ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, इतका पातळ आहे, फाटला तर? मला कळलं की इतके दिवस ती गप्प होती ती रागानं नव्हे. डॉक्टरीणबाईंचा तो इशारा तिच्या मनातून कधी गेलाच नव्हता, आणि मी मात्र आपल्या वरण-भातात अडकलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मेघाला घेऊनच दुकानात गेलो. काकांना मनापासून आनंद झाला. बायको स्वतः आली की ते उठून उभे राहतात, आणि स्टूल पुसून देतात. तिची शंका ऐकल्यावर ते आत गेले आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आले. आमच्या भागात उन्हाळ्यात नळ आठवड्यातून कधीतरी येतो, तेव्हा हा त्याग लहान नव्हता. पातळ कंडोम तोंडाशी धरून त्यांनी तांब्या त्यात रिता केला. तो फुगत गेला, लांबत गेला, दुधी भोपळ्याएवढा झाला. काकांनी तो बाळाला खेळवावं तसा वरखाली हलवला. फाटला नाही.

"पातळ म्हंजे कच्चा नाई, बाई," ते मेघाला म्हणाले. "तपासूनच बाजारात येते. घालता नीट आलं पाह्यजे, बस." आणि ते पाणी त्यांनी दारातल्या तुळशीला घातलं.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात काय फरक पडला हे मी लिहिणार नाही, मेघा हे वाचणार आहे. एवढंच सांगतो की आम्ही एकमेकांना वाट करून देणं सोडलं. मुलगी आता सहा वर्षांची आहे, आणि तिचा भाऊ आमच्या दोघांच्या मर्जीनं, आम्ही ठरवलेल्या साली आला.

सगळ्यांनाच काका मानवले असं नाही. मागच्या वर्षी त्यांनी तो सगळा माल काउंटरखालून काढून समोरच्या काचेत, बाळांच्या पावडरीशेजारी मांडला. झालं, आमच्या कॉलनीतले एक वकीलसाहेब खवळले. त्यांनी अर्ज लिहिला, दहा-बारा सह्या गोळा केल्या आणि माझ्याकडे आले. भिक्षुकाच्या घरच्या मुलाची सही असली की अर्जाला वजन येतं, असं त्यांचं म्हणणं. मी सही केली नाही, पण त्यांच्यासोबत दुकानापर्यंत गेलो. पाच-सहा माणसं जमली होती.

वकीलसाहेब म्हणाले, दुकानात बायाबापड्या येतात, हे असं समोर मांडणं शोभत नाही.

"बायकायसाठीच मांडलं हाये," काका म्हणाले. "पोट त्याईचंच वाढते न."

मग वकीलसाहेबांनी अर्ज माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांदेखत सही मागितली. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत मी काउंटरपाशी जितका भ्यालो होतो ते सगळं एकदम वसूल झालं. मी सरळ सांगितलं की सही जमणार नाही, मी या दुकानाचं गिऱ्हाईक आहे. औषधं काय, आम्ही सगळेच घेतो, वकीलसाहेब म्हणाले. औषधांचं नाही, मी म्हणालो, आणि काचेकडे बोट केलं. त्या अतिपातळाचं. चार वर्षांपासून. माझी बायको पसंत करते.

जमलेल्यांपैकी एकाला घरी पाहुणे आल्याचं आठवलं. दुसऱ्यानं मोबाईल काढला. वकीलसाहेबांनी अर्जाची घडी घातली आणि बाकीचं नंतर बोलू असं म्हणून निघाले. ते 'नंतर' काही आलं नाही. संध्याकाळपर्यंत बातमी अमरावतीला पोहोचली, आणि वडिलांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "हे सांगायला दुसरी जागा नव्हती का?" पण आवाजात राग नव्हता.

त्या रविवारी काकांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मी त्यांच्या घरी प्रथमच जात होतो. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. पानं मांडल्यावर दही नाही हे लक्षात आलं, आणि काका स्वतः आणायला गेले. ते नाहीत हे पाहून मी काकूंना विचारलं, काका पहिल्यापासून असेच मोकळे का?

काकूंनी रोडग्यावर तूप सोडलं. "हे? लगीन झाल्यावर दोन वर्सं मले नावानं हाक नोती मारली त्याईनं."

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या बाळंतपणात त्या मरता मरता वाचल्या होत्या. छातीचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, तिसरं मूल झालं तर ही जगणार नाही, आणि ऑपरेशनही हिला सोसायचं नाही. पुरुषाच्या ऑपरेशनचं त्या घरात नाव काढायची सोय नव्हती. त्या वेळी काका अंजनगावातच एका मेडिकलमध्ये नोकरीला होते. दिवसभर तीच पाकिटं कागदात गुंडाळून लोकांना विकायचे. पण त्यातलं एक घरी आणायला त्यांना धीर झाला नाही. मालकाकडे मागायची लाज, बायकोसमोर ठेवायची लाज. एका संध्याकाळी त्यांनी आपली वळकटी उचलली आणि ओसरीवर नेऊन टाकली. काही बोलले नाहीत. चार वर्षं तिथं निजले.

"मले वाटे, मी रोगी झाली म्हून याईचं मन उठलं," काकू म्हणाल्या. "मी बी इचारलं नाई."

मेघानं घास खाली ठेवला.

पुढे एकदा काकू अमरावतीला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथं ओळखीचं कोणी नाही हे पाहून त्या एकट्या एका मेडिकलात शिरल्या आणि मागितलं. दुकानदार त्यांच्याकडे पाहतच राहिला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाकीट काकांच्या डब्यात, पोळ्यांवर ठेवलं आणि डबा बांधून दिला.

"त्या दिवशी भर दुपारी घरी आले. पायी. डबा तसाच होता," काकू म्हणाल्या. "ओसरीवर बसले न रडाले लागले. मले म्हनतात, शांते, मी रोज लोकायले विकतो व. तुह्यासाठी मागता नाई आलं."

दाराशी कसलासा आवाज झाला. काका दह्याचं भांडं घेऊन उंबऱ्यात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी त्यांच्याकडे पाहिलं तसं त्यांनी नजर खाली घातली, आणि भांड्यात पाहत म्हणाले, "दही आंबट निघालं."

काकू उठल्या आणि त्यांच्या हातातून भांडं घेतलं.

"चालते," त्या म्हणाल्या. "साखर टाकतो. तुमी बसा."